प्रतिभार, शिरस्त्राणाचा
शिरस्त्राणाच्या पुढील भागावर बसविलेल्या उपकरणाचा भार तोलण्यासाठी मागील बाजूस जोडलेले वजन. रात्रदर्शी दुर्बिणींमुळे त्याची गरज विशेषत्वाने निर्माण झाली. १९७०–८० या दशकात अमेरिकेच्या भूसेनेतील हेलिकॉप्टर-वैमानिक एएन/पीव्हीएस-५ ही दुर्बीण वापरू लागले. सु. १·५ किग्रॅ. वजनाच्या एसपीएच-४ शिरस्त्राणावर ती बसविली, की गुरुत्वमध्य पुढे सरके आणि डोके सावरून धरण्यासाठी मानेच्या मागील स्नायूंना सतत ताण सोसावा लागे. म्हणून शिरस्त्राणाच्या मागे वजनाची छोटी पिशवी चिकटविण्याची पद्धत पडली. तरफेच्या तत्त्वानुसार पिशवी जितकी मागे, तितके कमी वजन पुरते. तथापि समतोल साधला, तरी एकूण वजन वाढते; अपघाताच्या धक्क्यात तेच मानेच्या मणक्यांना घातक ठरू शकते. फोर्ट रकर (अलाबामा) येथील भूसेनेच्या वैमानिकी वैद्यक प्रयोगशाळेने या प्रश्नाचा अभ्यास केला. १९८०–९० या दशकात प्रचारात आलेल्या एएन/एव्हीएस-६ या दुर्बिणीची विद्युत् घटमाला शिरस्त्राणाच्या मागे बसविण्यात आली. जे वजन टाळता येत नाही, तेच प्रतिभार म्हणून योजावयाचे, हे या रचनेचे मर्म होय. पुढे पायदळाच्या शिरस्त्राणांतही ही पद्धत आली.