चिठ्ठीवरचे नाव आणि दुकानातली गोळी

डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेल्या ब्रँडऐवजी तेच रसायन असलेली स्वस्त गोळी देण्याची मुभा भारतातल्या औषधविक्रेत्याला नाही. १९४० च्या औषध कायद्याखालच्या १९४५ च्या नियमांत, नियम ६५ च्या उपनियम ११-अ मध्ये हा मज्जाव आहे. परिशिष्ट एच आणि एक्स मधले, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारे, औषध असलेल्या चिठ्ठीवर दुसरे कोणतेही औषध देता येत नाही, मग त्यात घटक तोच असला तरी. ‘कंटेंट तोच आहे, फक्त कंपनी वेगळी’ असे सांगून काउंटरवर सर्रास होणारी अदलाबदल कायद्यात बसत नाही.

१९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरचे पेटंट काढून फक्त कृतीवर ठेवले. त्यामुळे एकच औषध देशी कंपन्या आपापल्या नावाने विकू लागल्या. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या ॲटोरव्हास्टॅटिनसारखे एक औषध आज अनेक नावांनी आणि फार वेगवेगळ्या किमतींना मिळते. पेटंट संपलेल्या औषधालाही ब्रँडच्या नावाखाली चढा भाव लावता येतो, या गुंत्याचे मूळ तिथे आहे.

जयसुखलाल हाथी समितीने १९७५ मध्येच ब्रँडनावे टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याची शिफारस केली होती. त्यानुसार १९८१ मध्ये ॲनाल्जिन, ॲस्पिरिन, फेरस सल्फेट अशा मोजक्या औषधांपासून सुरुवात करण्याचा प्रयत्न झाला. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयात ती अधिसूचना टिकली नाही. इतका मूलभूत बदल पुन्हा कधी धसाला लागला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

पुढचे सारे प्रयत्न डॉक्टरांच्या लेखणीपाशी झाले. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेत ‘शक्यतो’ जेनेरिक, म्हणजे रसायनाचे, नाव लिहावे असे होते. २०१६ मध्ये ते सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहिण्यावर भर आला. मात्र चिठ्ठीवर नुसते रसायनाचे नाव असले, की कोणत्या कंपनीची गोळी द्यायची हे दुकानदार ठरवतो, आणि ज्या मालावर सुटणारा नफा जास्त तोच पुढे येण्याची भीती असते. शिवाय सगळ्या कंपन्यांचा माल सारख्याच प्रतीचा असेल याची खात्री नसते. डॉक्टरांचा हा आक्षेप रास्त आहे. पाण्यात नीट न विरघळणाऱ्या काही औषधांना परवान्यापूर्वी जैवसमतुल्यतेची, म्हणजे ते शरीरात मूळ औषधासारखेच शोषले जाते का याची, चाचणी २०१७ मध्ये सक्तीची झाली. त्यापूर्वी परवाने मिळालेला माल मात्र बाजारात होताच.

२००८ मध्ये अमृतसरला स्वस्त जेनेरिक औषधांचे पहिले सरकारी जनऔषधी दुकान उघडले. तिथे ब्रँड नसतातच. म्हणजे ब्रँड लिहिलेली चिठ्ठी घेऊन आलेल्या रुग्णाला सरकारनेच उघडलेल्या या दुकानातून स्वस्त गोळी देताना सरकारचाच नियम आड येतो. २०१८ पासून वेष्टनावर रसायनाचे नाव ब्रँडपेक्षा मोठ्या टाइपात छापणे बंधनकारक झाले, त्यामुळे निदान रुग्णाला आपण काय घेतो ते वाचता येते.

ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने जेनेरिक नाव न लिहिणाऱ्या डॉक्टरांवर कारवाईची तरतूद असलेले नियम काढले. डॉक्टरांच्या संघटनांनी गुणवत्तेचा प्रश्न पुढे करत विरोध केला आणि त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले. औषधविक्रेत्याला पर्याय देण्याचा अधिकार तर या नियमांतही नव्हता.