क्लेचा माग

गडबहून वडखळला येऊन डावीकडे वळलं की पोयनाड, अलिबाग आणि पुढे रेवदंड्याच्या रस्त्यावर नागाव लागतं. नारळी-पोफळीच्या या गावात १९३६ साली चित्रकार प्रभाकर बरवे जन्मले. सासवण्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर त्यांचे नात्याने आजोबा लागत, म्हणजे कला घरात होतीच. पण बरव्यांच्या चित्रांची दुसरी एक वंशवेल जर्मनीत जाते. ‘पाउल क्लेचा प्रभाव’ एवढं म्हणून समीक्षक ती उरकतात. मला ते अपुरं वाटतं, कारण या दोघांच्या मध्ये कापड आहे.

क्ले १८७९ साली बर्नजवळ जन्मला. वडील जर्मन, म्हणून मुलगाही जर्मन नागरिक. घर संगीताचं, तो स्वतः व्हायोलिन वाजवायचा. बरीच वर्षं त्याचा हात काळ्या रेघेतच रमला, रंग त्याला वश होत नव्हता. १९१४च्या एप्रिलमध्ये तो ट्युनिशियाला गेला आणि तिथल्या उन्हात घरं, बागा, घुमट यांचे रंगीत चौकोन झाले. पुढे ते चौकोन त्याने जन्मभर मांडले, मोडले, पुन्हा मांडले. १९२१पासून तो जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवू लागला. तिथे १९२७च्या सुमारास त्याच्याकडे विणकाम शाखेतल्या विद्यार्थिनींना आकृतिबंध शिकवण्याचं काम आलं. चौकोन कुठे उलटवायचा, कुठे सरकवायचा, रंगाची पट्टी किती धाग्यांनी बदलायची, हे तिथे मागावरच ठरे. १९३३मध्ये नाझींनी त्याला ड्युसेलडॉर्फच्या अकादमीतून काढलं. तो बर्नला परतला. जन्म तिथला असूनही त्याला स्विस नागरिकत्वासाठी अर्ज करावा लागला, आणि त्याचा निकाल लागण्याआधीच १९४० साली तो गेला.

भारतात क्ले त्याच्या हयातीतच पोचला होता. १९२२च्या डिसेंबरात कलकत्त्याला बाउहाउसच्या कलावंतांचं प्रदर्शन भरलं, त्यात त्याची चित्रं होती. मुंबईला मात्र तो भेटला मुख्यतः पुस्तकांतल्या छापील चित्रांतून. चित्रकार वासुदेव गायतोंड्यांनी तो तसाच घेतला आणि हळूहळू आकृती, रेघ सगळं सोडून रंगाच्या थरांपर्यंत गेले. ती गोष्ट पुष्कळदा सांगितली गेली आहे.

बरव्यांची वाट वेगळी. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतून बाहेर पडल्यावर १९६१ साली त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी धरली. हातमागाला नवे नमुने मिळावेत म्हणून पुपुल जयकरांच्या पुढाकाराने ही केंद्रं निघाली होती आणि तिथे चित्रकारांना मुद्दाम घेत. आंबादास तिथे होते, गौतम वाघेला होते. सरकारी पगारावर अमूर्त चित्रकला पोसली गेली, असं म्हटलं तर त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. बरव्यांना पाठवलं बनारसला. विणकरासाठी नक्षी काढायची म्हणजे चौकटीच्या कागदावर एकेक घर भरायचं. तिथे वळणदार रेघसुद्धा पायऱ्यापायऱ्यांनीच चढते. क्लेने विद्यार्थिनींना शिकवलं ते बरव्यांना चरितार्थासाठी करावं लागलं. शिवाय बनारसमध्ये तंत्रसाधनेतली यंत्रं, आकृत्या समोर होत्या. त्या काळातल्या त्यांच्या चित्रांत हे सगळं एकत्र दिसतं, आणि खरं सांगायचं तर जरा गर्दीच दिसते.

१९६५च्या सुमारास ते मुंबईच्या केंद्रात आले. पुढच्या वर्षांत तंत्राची चिन्हं गळाली आणि चकचकीत इनॅमल रंगांच्या सपाट पृष्ठभागावर पान, घड्याळ, शिंपला अशा साध्या वस्तू एकेकट्या उरल्या. वस्तू ओळखू येते, पण ती तिथे का आहे हे कळत नाही. म्हणून काटेकोर अर्थाने त्यांना अमूर्त म्हणावं का, हा वाद राहणारच. क्लेचा चौकोनही इथे क्वचितच दिसतो. राहिली आहे ती दोन आकारांमधली रिकामी जागा नेमकी तोलण्याची सवय. मला ती मागावरची वाटते. तिथे सुटलेलं घरसुद्धा नक्षीत मोजावं लागतं.

क्लेने १९२५ साली विद्यार्थ्यांसाठी एक छोटं पुस्तक काढलं होतं. बरव्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ १९९० साली मराठीत आलं, पण ते धडे देत नाही. चित्र सुरू होण्याआधी चित्रकाराच्या मनात काय चालतं, ते त्यात सापडतं.