पुन्हा शिकण्याचे वय : भविष्यकथांनी विचारलेला एक जुना प्रश्न (थ्रेड)

१/ चाळिशी उलटलेल्या कारागिराच्या हातातले काम यंत्राने काढून घेतले, तर त्याने काय करावे? ‘नवे काही शिकावे’ हे उत्तर आज सहज दिले जाते. पण ते शिकणे कोणत्या वयापर्यंत, कोणाच्या परवानगीने आणि कोणाच्या वेळात व्हायचे? सव्वाशेहून अधिक वर्षे भविष्यकथा लिहिणारे या प्रश्नाशी झुंजत आले आहेत. त्या झुंजीचा हा धावता इतिहास.

२/ प्रारंभ अमेरिकेत होतो. एडवर्ड बेलामी हे मॅसॅच्युसेट्समधील चिकोपी फॉल्स या गिरण्यांच्या गावचे लेखक. १८८८ साली त्यांची ‘लुकिंग बॅकवर्ड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक ज्युलियन वेस्ट १८८७ मध्ये बॉस्टन शहरात झोपी जातो आणि त्याला जाग येते ती थेट २००० साली. त्याने मागे सोडलेले बॉस्टन संपांनी आणि बेकारीने गांजलेले होते. नव्या बॉस्टनमध्ये बेकार माणूस औषधालाही सापडत नाही.

३/ ही किमया साधते ‘औद्योगिक सेना’. प्रत्येक नागरिकाने वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत शिकायचे आणि तेथून ४५ व्या वर्षापर्यंत राष्ट्रासाठी काम करायचे. पहिली तीन वर्षे पडेल ती अंगमेहनत. त्यानंतर आवडीचा व्यवसाय निवडण्याची मुभा. ज्या कामाला उमेदवार कमी, त्या कामाचे तास कमी करायचे, म्हणजे तेथेही माणसे आपण होऊन येतात.

४/ शिक्षणाचा विचार बेलामींनी बारकाईने केला आहे. शाळकरी मुले वरचेवर कारखाने पाहायला जातात, अवजारे हाताळतात. वैद्यक, तंत्रविद्या, कला यांच्या उच्च शाळांचे दार प्रौढांनाही उघडे आहे. पण ते एका ठरावीक वयापर्यंतच. त्यानंतर प्रवेश नाही, कारण सेवेची उरलेली वर्षे थोडी आणि तेवढ्यात राष्ट्राला त्या विद्येचा पुरेसा लाभ होणार नाही.

५/ हे कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. शिक्षण म्हणजे राष्ट्राने केलेली गुंतवणूक, असे एकदा मानले की परतफेडीचा हिशेब आपोआप सुरू होतो आणि त्या हिशेबात उशिरा शिकू पाहणारा माणूस तोट्याचा ठरतो. ज्या स्वप्ननगरीत कोणीही उपाशी नाही, तिच्यातही ‘आता तुझे वय झाले’ असे सांगणारे एक दार शिल्लक राहिले होते.

६/ इंग्लंडमधील कवी, कारागीर आणि समाजवादी विल्यम मॉरिस यांना ही सैनिकी शिस्तीची नगरी मुळीच रुचली नाही. १८८९ मध्ये त्यांनी ‘कॉमनवील’ या समाजवादी नियतकालिकात बेलामींच्या कादंबरीवर कठोर परीक्षण लिहिले. पुढच्याच वर्षी, १८९० मध्ये, त्याच नियतकालिकातून त्यांची ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. बेलामींना दिलेले ते कथारूप उत्तरच होते.

७/ मॉरिस यांच्या भावी इंग्लंडमध्ये शाळाच नाहीत. मुले थोरांचे काम पाहून छप्पर शाकारायला, सुतारकाम करायला शिकतात. याहून महत्त्वाचे पात्र आहे रॉबर्ट नावाच्या विणकराचे. विणकाम, छपाई आणि गणित यांत डोके घालून तो थकला आहे. त्याला उघड्या हवेतले काम हवे आहे, म्हणून तो आपल्या नावाडी मित्राची जागा हौसेने घेतो. ना चाचणी, ना वयाची अट, ना कोणाची परवानगी.

८/ यात लेखकाचे स्वतःचे आयुष्य उतरले होते. कापड रंगवण्याची जुनी विद्या मॉरिस यांनी चाळिशी ओलांडल्यावर लीक या गावी टॉमस वॉर्डल यांच्या रंगशाळेत हात बुडवून आत्मसात केली. १८७९ साली, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्यांनी लंडनच्या हॅमरस्मिथ भागातील घरी आपल्या शयनगृहातच माग उभारला आणि अठराव्या शतकातील एका फ्रेंच पुस्तकाच्या आधारे चित्रजवनिका विणण्याची कला स्वतःच शिकून घेतली.

९/ बेलामींच्या राज्यात ४५ हे निवृत्तीचे वय. मॉरिस त्या वयात नव्या धंद्याची धुळाक्षरे गिरवत होते. पहिली जवनिका विणायला किती वेळ लागला याची त्यांनी रोजच्या रोज नोंद ठेवली. ती बेरीज आहे ५१६ तास. हा आकडा स्मरणात असू द्या. शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

१०/ आता अर्धशतक पुढे येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर कर्ट व्हॉनेगट हे न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रसिद्धी विभागात नोकरीला होते. जेट इंजिनाचे भाग कुशल कारागीर यंत्रावर घडवत. तेच काम आता स्वयंचलित यंत्राकडे सोपवले जात असलेले त्यांनी तेथे पाहिले. त्यातून १९५२ साली ‘प्लेअर पियानो’ ही कादंबरी जन्मली.

११/ या कादंबरीत रूडी हर्ट्झ नावाचा एक लेथ कारागीर आहे. कारखान्यातला सर्वोत्तम हात म्हणून तरुण इंजिनीअर त्याची निवड करतात आणि त्याच्या हालचाली टेपवर नोंदवून घेतात. पुढे ती टेप लेथच्या रांगाच्या रांगा चालवते. रूडीला आपल्या निवडीचा अभिमान वाटतो. त्याचे कौशल्य कारखान्यात कायम राहते. बाहेर पडतो तो फक्त रूडी.

१२/ व्हॉनेगट यांच्या जगात अन्नवस्त्राची ददात नाही. पण बुद्धिमापन चाचणीत मागे पडलेल्यांना दोनच वाटा उरतात : सैन्य, नाहीतर रस्तेदुरुस्तीसारखी कामे करणारे सरकारी दल. प्रौढाला नव्याने काही शिकवण्याची सोय कोणी केलेली नाही, कारण तशी गरजच कोणाला वाटत नाही. बेलामींच्या राज्यात दार वयाने बंद होत होते, येथे ते चाचणीने बंद झाले आहे.

१३/ १९५७ साली आयझॅक असिमॉव्ह यांची ‘प्रोफेशन’ ही दीर्घकथा आली. तिच्यातील मुले आठव्या वर्षी एका दिवसात वाचायला शिकतात आणि अठराव्या वर्षी एका दिवसात अख्खा व्यवसाय मेंदूत उतरवून घेतात, तोही टेपवरून. मग स्पर्धा होतात आणि विजेत्यांना दूरच्या ग्रहांवर नोकऱ्या मिळतात. शिक्षणाचे कष्टच संपले!

१४/ ट्रेव्हेलियन हा तरुण धातुतज्ज्ञ मात्र अशा स्पर्धेत हरतो. स्पर्धेत ठेवलेले उपकरण नव्या बनावटीचे असते आणि त्याच्या टेपमध्ये जुन्या बनावटीचे ज्ञान असते. त्याचा मित्र जॉर्ज त्याला सुचवतो, ‘पुस्तके वाचून शीक की.’ ट्रेव्हेलियनला ही सूचना वेडगळ वाटते. सगळे आयते मिळालेल्या माणसाला शिकायचे कसे, हेच ठाऊक नाही.

१५/ जॉर्जला मात्र टेप दिलीच जात नाही; मंदबुद्धी म्हणून त्याला वेगळ्या वसतिगृहात धाडले जाते. कथेच्या शेवटी उलगडा होतो की, ते वसतिगृह म्हणजे टेप तयार करणाऱ्या स्वतंत्र विचारवंतांची संस्था आहे. वाचकाला आनंद होतो, पण एक सल उरते. येथे स्वतः शिकण्याचा अधिकार मोजक्यांनाच आहे. बाकीच्यांनी आपल्या टेपसह जुने होत जायचे.

१६/ १९५८ साली ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांनी ‘द राइज ऑफ द मेरिटॉक्रसी’ हे उपरोधिक भविष्यचित्र लिहिले. काळ २०३४. गुणवत्ता म्हणजे बुद्ध्यंक अधिक परिश्रम, असे सूत्र ठरले आहे आणि मुलांची पारख दिवसेंदिवस लहान वयात होते आहे. पार्श्वभूमी खरी होती : त्या वेळी ब्रिटनमध्ये अकराव्या वर्षीची एक परीक्षा मूल कोणत्या शाळेत जाणार हे ठरवत असे.

१७/ यंग इशारा देऊन थांबले नाहीत. १९६२ मध्ये त्यांनी मुक्त विद्यापीठाची कल्पना लेखातून मांडली आणि १९६३ मध्ये केंब्रिजमध्ये पत्राद्वारे शिकवणारे ‘नॅशनल एक्स्टेन्शन कॉलेज’ उभे केले. त्याच वर्षी हॅरॉल्ड विल्सन यांनी ‘आकाशवाणीवरील विद्यापीठा’ची घोषणा केली. खाणकामगाराची कन्या असलेल्या मंत्री जेनी ली यांनी ती नेटाने तडीस नेली.

१८/ १९६९ साली ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीला सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २५ हजार विद्यार्थ्यांसह अध्यापन सुरू झाले. प्रवेशाला आधीची पदवी वा प्रमाणपत्र लागत नव्हते. बेलामींनी वयाने आणि व्हॉनेगट यांच्या यंत्राने चाचणीने बंद केलेले दार येथे प्रत्यक्षात उघडले गेले.

१९/ तो प्रवाह भारतातही आला : १९८२ मध्ये हैदराबाद, १९८५ मध्ये दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांना पूर्वतयारीचा टप्पा पार करून पदवीकडे वळण्याची वाट नाशिकने काढून दिली. महाराष्ट्राला ही कल्पना अगदीच परकी नव्हती. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्येच कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली होती.

२०/ मग प्रश्न सुटला का? पूर्ण नाही. फुल्यांची शाळा रात्री भरे, कारण दिवस मालकाचा होता. मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थीही बहुधा पाळी संपल्यावर किंवा घरची निजानीज झाल्यावरच पुस्तक उघडतो. दार उघडले, तरी आत जायला लागणारा वेळ ज्याचा त्यानेच झोपेतून काढायचा, ही अट तशीच राहिली.

२१/ येथे मॉरिस यांचे ५१६ तास आठवावेत. दिवसाला आठ तास धरले, तर कामाचे साडेचौसष्ट दिवस. मॉरिस स्वतःच्या कंपनीचे मालक होते. ते तास त्यांचे होते आणि जवनिका बिघडली असती तरी चूल विझणार नव्हती. रूडी हर्ट्झच्या हालचाली कंपनीने नोंदवून नेल्या, पण बदल्यात त्याला असे ५१६ तास देण्याचे कोणाच्याही मनात आले नाही.

२२/ ‘पुन्हा शिका’ हा उपदेश तुमच्या पिढीला आयुष्यात अनेकदा ऐकावा लागेल. तो करणाऱ्याला अवश्य विचारा : शिकण्याचे ते तास कोण देणार, आणि तेवढे दिवस घर कशावर चालणार? बेलामींपासून यंगपर्यंत कोणाच्याही भविष्यनगरीला या प्रश्नाचे पूर्ण उत्तर सापडलेले नाही.

(समाप्त. यांपैकी कोणती कथा तुम्ही वाचली आहे, तेही सांगा.)