तंदुरुस्ती मोजायची कोणाची?

चाकांची खुर्ची वापरणारी मुलगी वर्गात असेल, तर ६०० मीटर धावण्याच्या रकान्यात तिच्या नावापुढे काय लिहायचे? वाशिम, रिसोड किंवा मानोऱ्याच्या शिक्षकांना पडणारा हा प्रश्न आजचा नाही. मापनाच्या साधनांचा इतिहास पाहिला, तर त्याचे उत्तरही सापडते.

वऱ्हाडात व्यायामाची परंपरा जुनी आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. आखाड्यातले माप म्हणजे जोर-बैठकांची संख्या आणि वस्तादांची नजर. कालचा पोरगा आणि आजचा पोरगा यांतला फरक त्या नजरेला कळे. पण तो कागदावर उतरवता येत नसे.

१९४३ साली अमेरिकेत हार्वर्डची पायरी-चाचणी आली. सुमारे ५० सेंटिमीटर उंच पायरीवर मिनिटाला ३० वेळा, पाच मिनिटे चढ-उतार करायची आणि नंतर नाडी मोजायची. नाडी लवकर पूर्वपदावर आली, तर हृदय तंदुरुस्त. कल्पना उत्तम, पण चाचणी घडवली ती धडधाकट तरुणांसाठी. आपल्याकडे १९५९-६० मध्ये राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम सुरू झाली. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. या मोहिमेची साधने होती घड्याळ आणि टेप. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत कापले, की तुम्ही उत्तीर्ण! ज्याचे पाय चालत नाहीत, त्याच्याबद्दल घड्याळ काहीच सांगू शकत नव्हते.

१९८२ साली दोन साधने पुढे आली. कॅनडातील लेजे यांनी २० मीटरच्या फेऱ्यांची चाचणी मांडली. टेपरेकॉर्डरचा 'बीप' हळूहळू जलद होतो आणि मुलांनी त्या लयीत पळायचे. त्याच वर्षी फिनलंडच्या पोलर कंपनीने छातीवरील पट्ट्याकडून मनगटावर हृदयाचे ठोके दाखवणारे बिनतारी यंत्र बाजारात आणले. पहिले साधन सर्वांना एकच वेग ठरवून देते. दुसरे प्रत्येकाच्या हृदयालाच विचारते.

हा फरक १९९९ सालच्या ब्रॉकपोर्ट चाचणीने नेमका हेरला. न्यूयॉर्क राज्यातील विनिक आणि शॉर्ट यांनी ती दिव्यांग मुलांसाठी तयार केली. तिच्या एका भागात हालचाल कोणती करायची हे मुलाने ठरवायचे: खुर्ची ढकलणे, हात फिरवणे, चालणे. अट एकच. हृदयगती १५ मिनिटे ठरावीक पट्ट्यात राहिली पाहिजे, म्हणजे अंदाजे कमाल गतीच्या ७० ते ८५ टक्के. २२० मधून वय वजा केले, की ही कमाल गती ढोबळमानाने मिळते. १३ वर्षांच्या मुलीसाठी ती २०७ येते आणि पट्टा साधारण १४५ ते १७६ ठोक्यांचा होतो.

मात्र आकडा वाचायला ज्ञान लागते. मणक्याला वरच्या भागात इजा असेल, तर मज्जारज्जूतून हृदयाकडे जाणारे संदेश अडतात आणि कितीही श्रम केले तरी ठोके फारसे वाढत नाहीत. अशा मुलाला यंत्र 'आळशी' ठरवील! म्हणून त्याच्यासाठी पट्टा वेगळा ठेवावा लागतो. तसेच कर्णबधिर मुलाला 'बीप'ऐवजी झेंडा हवा आणि अंध मुलाला सोबत्याच्या हातातली दोरी.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ३० व्या कलमात खेळासाठी तंत्रज्ञान विकसित करण्याचाही उल्लेख आहे. २०१९ साली 'खेलो इंडिया'चे मोबाइल अॅप आले आणि नोंदी सोप्या झाल्या. पण कोणाकडून काय करून घ्यायचे, हे शिक्षकानेच ठरवायचे असते.

महागडे यंत्र नसले तरी अडत नाही. डॉक्टरांचा सल्ला घेऊन मुलाला झेपेल ती हालचाल निवडा. थांबताक्षणी मनगटावर दोन बोटे ठेवून १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. हालचाल, वेळ आणि ठोके लिहून ठेवा. महिन्याने तेच पुन्हा करा. तेवढ्याच कामाला ठोके कमी पडले, तर प्रगती झाली. वस्तादांना दिसणारा फरक आता कागदावर उतरतो, आणि 'लागू नाही' असा शेरा मारण्याची वेळ कोणाच्याही नावापुढे येत नाही.