एका सिलिंडरचं इंजिन: पाटी वाचा, पण मोजमापही घ्या

इतिहासाचं साधन म्हणजे कागद, असं तुम्हाला वाटत असेल तर आज एका लोखंडी साधनाची गोष्ट सांगतो. माझी चूकही त्यातच आहे.

बपेरा हे भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्याचं, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळचं गाव. सगळा धानाचा पट्टा. तिथल्या एका काकाजींच्या गोठ्यात एका सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन पडलं होतं. रोवणीच्या वेळी पावसानं दडी मारली की हेच इंजिन बांधीत पाणी चढवायचं. "आता कोन चालवते याले? करंट आला ना," काकाजी म्हणाले. पाटीवर १२ अश्वशक्ती आणि मिनिटाला ६५० फेरे असं कोरलेलं. मी फोटो काढला, वहीत आकडे उतरवले आणि निघालो. माझा विषय कोकणातल्या मासेमारी नौकांवरची जुनी इंजिनं. हे तर शेतीचं, म्हणून फार लक्ष दिलं नाही.

इथेच चुकलो. त्या काळातलं शेतातलं इंजिन आणि नौकेतलं इंजिन ही बरेचदा सख्खी भावंडं असतात. नौकेवर चढवताना त्याला उलट-सुलट चालीचा गिअरबॉक्स, पंख्याचा दांडा आणि थंड ठेवायला समुद्राच्या पाण्याची सोय करावी लागते. पिस्टन, सिलिंडर, जड चाक, सगळी मूळ घडण तीच.

ही घडण आली कुठून? १८९० मध्ये हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट यांनी इंग्लंडमध्ये तेलावरच्या इंजिनाचं पेटंट घेतलं. त्यातून पुढे 'हॉट बल्ब' इंजिनं आली. सिलिंडरच्या डोक्यावरचा लोखंडी फुगा आधी दिव्यानं तापवायचा, मग चाक फिरवायचं. दाब कमी, बांधणी साधी आणि तेल कसलंही चालायचं. म्हणून युरोपातल्या मच्छीमारांनी ती उचलून धरली. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ मध्ये यशस्वी ठरलं. त्यात फुगा तापवायची गरज नव्हती, पण दाब फार मोठा. ते लहान आणि स्वस्त व्हायला आणखी काही दशकं गेली.

आपल्याकडे साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानं १९३० च्या दशकात डिझेल इंजिनं काढली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजनांच्या काळात नौकांच्या यांत्रिकीकरणाला सरकारी मदत मिळू लागली. केरळमध्ये नॉर्वेच्या सहकार्यानं प्रकल्प उभा राहिला, त्याचा करार १९५२ चा. सातपाटी-वर्सोव्याच्या कोळ्यांसाठी इंजिन म्हणजे वाऱ्याची वाट न बघता बंदर गाठणं. मासळीला ताजेपणावर भाव मिळतो, त्यामुळे वाचलेला प्रत्येक तास म्हणजे पैसा.

आता माझ्या वहीतल्या आकड्यांकडे या. फोटोतलं इंजिन मला लिस्टर घडणीचं वाटत होतं. इंग्लंडच्या या प्रसिद्ध इंजिनाच्या नकला राजकोटमध्ये भरपूर बनल्या. मूळ लिस्टरचा व्यास ११४.३ मिमी, धाव १३९.७ मिमी, म्हणजे आकारमान सुमारे १.४३ लिटर. चार धावांच्या इंजिनात ६५० फेऱ्यांना मिनिटाला ३२५ स्फोट होतात. ६ अश्वशक्ती धरली तर सरासरी परिणामी दाब सुमारे ५.८ बार येतो. जुन्या, साध्या श्वासाच्या डिझेलला हा शोभतो. पण पाटी म्हणते १२. मग दाब दुप्पट, साडेअकरा बार! हे त्या इंजिनाच्या आवाक्यातलं नाही.

मग दोनच शक्यता उरतात. एक तर सिलिंडर मोठा होता, नाहीतर पाटी दुसऱ्याच इंजिनाची होती. उत्तर एका मोजपट्टीत होतं. दिवाळीनंतर मोजपट्टी घेऊन परत गेलो, तर इंजिन वजनावर भंगारात गेलेलं. काकाजींचा काय दोष? त्याची किंमत त्यांना कोणी सांगितलीच नव्हती. मीसुद्धा नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, इंजिन दिसलं की आधी घासू नका, रंगवू नका. रंगाचे थर हाही पुरावा असतो. पाटीचा फोटो घ्या, पण ओतकामातला आकडाही शोधा. पाटी बदलता येते, ओतलेला आकडा सहसा नाही. डोकं उघडलेलं असेल तर व्यास आणि धाव मोजा. पाण्याच्या कप्प्यात डोकावून पाहा. आणि चालवणाऱ्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.

समुद्रातून काढलेल्या बिडाच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. खाऱ्या पाण्यात बिडातलं लोखंड निघून जातं आणि मागे मऊ ग्रॅफाइट उरतं. आकार शाबूत दिसतो, पण चाकूनं ओरखडा पडतो. असा भाग उन्हात वाळवला तर तडकतो, कारण आतले क्लोराइड गंज चालूच ठेवतात. तो ओलाच ठेवून जाणकाराकडे न्यायचा. तिथे क्षारीय द्रावणात बुडवून क्लोराइड हळूहळू काढतात. त्याला महिने, कधी वर्षं लागतात.

कागदही लागतातच. मच्छीमार संस्थांची कर्जाची दप्तरं, सुट्या भागांच्या याद्या, 'किर्लोस्कर' मासिकासारख्या जुन्या अंकांतल्या जाहिराती, हे सगळं बघा. पण कागद ग्रंथालयात थोडी वाट बघतो. भंगारवाला बघत नाही.

माझ्या प्रबंधात बपेऱ्याचं ते इंजिन आता एका तळटीपेत आहे: 'अश्वशक्ती अनिर्णित'. तुमच्या वहीत अशी ओळ येऊ नये, म्हणून पुढच्या वेळी गावी जाताना दप्तरात मोजपट्टी टाका.