डोंगराची नाडी

चंदीगड म्हटले की सरळ रस्ते आणि मोकळे आकाश डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु भूगर्भाशीही या नगरीचा संबंध जवळचा आहे. वैज्ञानिक उपकरणांची केंद्रीय संशोधनसंस्था १९६२ मध्ये दिल्लीहून येथे आली. ब्यासचे पाणी दोन प्रदीर्घ बोगद्यांतून सतलजेत सोडणाऱ्या प्रकल्पाचे व्यवस्थापनही येथूनच चालते. डोंगर पोखरणाऱ्या माणसाने डोंगराचे मनोगत ओळखावयास केव्हा आरंभ केला, याचा इतिहास याच परिसरात सापडतो.

कालका-सिमला लोहमार्ग १९०३ साली सुरू झाला. त्यावरील बडोगचा बोगदा सुमारे ११४४ मीटर लांबीचा. दोन टोकांकडून खोदकाम केले आणि मध्ये गाठच पडली नाही, अशी एका कर्नलची करुण कथा तेथे सांगतात. तिच्यात दंतकथा किती, हा प्रश्न वेगळा. त्या काळच्या अभियंत्यापाशी दिशा दाखविणारा थिओडोलाइट होता. माथ्यावरच्या खडकाचा भार सांगणारे साधन मात्र नव्हते. छताला कान देऊन ऐकणारा अनुभवी मजूर हेच तेव्हाचे मापनयंत्र!

खडक फोडला की त्यातील जुना तोल मोडतो आणि भिंती पोकळीकडे सरकू लागतात. समोरासमोरच्या भिंतींतील अंतर नित्य मोजले, खडकात रोवलेल्या दांड्यांवरून आतील हालचाल टिपली, पोलादी कमानींखाली लोड सेल बसविले, म्हणजे ही नाडी हाती लागते. येथे आकड्यापेक्षा त्याची गती महत्त्वाची. भिंत आज दहा मिलिमीटर सरकली आणि उद्या दोन, तर डोंगर स्थिरावतो आहे. क्रम उलटा असेल, तर माणसे बाहेर काढावीत.

याचा कठोर धडा यमुना खोऱ्यातील छिब्रो-खोदरी बोगद्याने दिला. क्रोल आणि नाहन या दोन भ्रंशांमधील चुरडलेला खडक कलावरजवळ असा दाबू लागला, की भक्कम कमानीही वाकल्या. अखेर साडेसात मीटर व्यासाच्या एका बोगद्याऐवजी त्या पट्ट्यात तीन लहान बोगदे काढण्याचे ठरले. भार व आकुंचन यांची तेथे घेतलेली मोजमापे पुढे भारतीय अभियंत्यांना फार उपयोगी पडली.

सह्याद्रीचा काळा पाषाण त्या मानाने सज्जन. पोफळीचे वीजगृह त्याच्याच उदरात आहे. तरीही ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना हादरली, तेव्हा धरणाच्या अंतर्मार्गातील यंत्राने गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे ६३ टक्के इतका धक्का नोंदविला. ते यंत्र नसते, तर त्या पहाटेविषयी केवळ तर्कच लढवावे लागले असते. काटकसरीची कात्री मात्र बहुधा प्रथम अशाच उपकरणांवर चालते, कारण ती घनमीटरभरही खडक काढीत नाहीत.

१२ नोव्हेंबर २०२३ रोजी उत्तराखंडातील सिलक्यारा बोगद्याचा भाग ढासळून ४१ कामगार अडकले. आठवड्याहून अधिक काळ लोटल्यावर ढिगाऱ्यातून घातलेल्या नळीवाटे एक छोटा कॅमेरा आत गेला आणि त्यांचे चेहरे प्रथम दिसले. २८ तारखेस ते सर्व सुखरूप बाहेर आले. प्रचंड यंत्र मोडून पडल्यावर शेवटचे काही मीटर माणसांनी हातांनीच खणले होते.