न खपलेल्या सुताची गोष्ट

टिळकवाडीत राहणाऱ्या आपल्याला काँग्रेस रोड आणि काँग्रेस विहीर ही नावं इतकी सवयीची झाली आहेत की रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापलीकडे त्यांचा विचार होत नाही. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ या दोन दिवशी इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथे. माळरानावर 'विजयनगर' नावाचा तंबूंचा गाव उभा राहिला, पाण्यासाठी विहीर खणली गेली. तिला ४,३७० रुपये ३ आणे खर्च आला, हे आपल्याकडे शाळकरी मुलंही सांगतात. लहानग्या गंगूबाई हनगल तिथे गायल्या, हेही कौतुकाने सांगितलं जातं. सांगितलं जात नाही ते एवढंच, की या मोठ्या सभेने जो ठराव केला तो होता सुताचा.

काँग्रेसचं सभासद व्हायचं असेल तर चार आणे वर्गणी पुरणार नाही, दर महिन्याला २,००० वार सूत द्यावं लागेल, असं ठरलं. वर्षाचं धरलं तर २४,००० वार. ज्याला जमत नाही त्याने दुसऱ्याकडून कातून घेऊन द्यावं, अशी पळवाटही ठेवली होती. गांधीजींचं म्हणणं होतं, रोज अर्धा तास. नवशिक्या हाताला महिन्याचे पंधरा तास म्हणजे तेवढं सूत होतं. ऐकायला सोपं आहे. घरात सासू-सासरे, मुलं, गुरं, वाळवणं असताना रोजचा अर्धा तास काढून बघा, म्हणजे कळेल. आणि पुढाऱ्यांना तर तेवढंही जमलं नाही. सभासद मोजकेच उरले. वर्षही पुरं झालं नाही. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याच्या बैठकीत सुताची सक्ती मागे घेतली, चार आण्यांचा मार्ग पुन्हा खुला झाला, आणि कातणं-विणणं-विकणं हे सगळं पाहायला अखिल भारतीय चरखा संघ वेगळा काढला.

हे सगळं मी उकरून काढलं त्याला निमित्त झालं आमच्या बस्तीत दशलक्षण पर्वात भेटलेल्या एका सुनेचं. ती क्रोशाची तोरणं, रुमाल, रुखवताचं सामान करते आणि फोनवर फोटो टाकून विकते. विकते म्हणजे, टाकते. "काकू, हार्ट शंभर येतात ओ, ऑर्डर एक येत नाही. नऊ दिवस विणलेल्या तोरणाला नऊशे सांगितलं की म्हणतात मशीनचं अडीचशेला मिळतंय की. आता सुई हातात घ्यायचं मनच होत नाही बघा." तिच्या नवऱ्याचं म्हणणं होतं की कपाटभर माल झालाय, आता लोकर आणणं बंद. मी तिला 'धीर धर' म्हणाले नाही. तो सल्ला फुकट असतो, म्हणून सगळे देतात. घरी आले आणि पुस्तकं काढून बसले, की हाताने केलेला माल पडून राहिला तेव्हा आपल्या आधीच्या माणसांनी नेमकं काय केलं.

सुरुवात करावी लागते विजापूरपासून. हे आपलं गोलघुमटाचं विजापूर नव्हे. गुजरातेतलं, तेव्हाच्या बडोदा संस्थानातलं. गांधीजींनी 'हिंद स्वराज'मध्ये हातमागाबद्दल लिहून टाकलं होतं, पण १९१५ मध्ये देशात परत आले तेव्हा त्यांनी चरखा डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. हे त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवलंय. तो शोधून काढला गंगाबेन मजमुदार नावाच्या एका विधवा बाईंनी. १९१७ साली भडोचला त्यांची गाठ पडली, आणि मी चरखा शोधून देते असं त्यांनी कबूल केलं. गुजरातभर हिंडून अखेर विजापुरात सापडला, आणि एक नव्हे, घरोघरी. सगळे माळ्यावर अडगळीत टाकलेले.

इथे त्या विजापूरच्या बायका जे बोलल्या ते मला सगळ्या खादीच्या इतिहासात सर्वांत शहाणपणाचं वाटतं. गंगाबेनने विचारलं, पुन्हा काताल का? त्या म्हणाल्या, कातू, पण आम्हाला पेळू नियमित पुरवा, आणि कातलेलं सूत विकत घ्या. देशभक्तीचं नाव नाही, 'आवड म्हणून' नाही. माळ्यावरून चरखा उतरवण्याआधी गिऱ्हाईक कोण, हे त्यांनी विचारून घेतलं. त्यांच्या आज्या-आयांचं सूत गिरणीच्या मालापुढे पडून राहिलं होतं, तेव्हाच तर ते चरखे वर गेले होते. मन लागत नाही म्हणून कोणी चरखा माळ्यावर टाकत नाही.

पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळ्या. त्या मुंबईच्या उमर सोबानींनी आपल्या गिरणीतून पाठवल्या. आणि मग झालं उलटंच. सूत इतकं यायला लागलं की त्याचं करायचं काय हा प्रश्न पडला. गिरणीचे पेळू वापरून हाताचं सूत म्हणवायचं हेही गांधीजींना बरं वाटेना. गंगाबेनने पिंजारी शोधला; त्याने महिन्याला ३५ रुपये मागितले, ते दिले. मुलांना पेळू वळायला शिकवलं, विणकर गाठले, आणि विजापूरच्या खादीला नाव मिळालं. एका बाईने माल, मजूर, गिऱ्हाईक या तिन्ही बाजू एकटीने सांभाळल्या. आपल्याकडे तिचं नाव किती जणींना माहीत असेल?

आश्रमात पहिली खादी निघाली तिचा भाव पडला वाराला १७ आणे. म्हणजे रुपयाहून जास्त, तेही जाड्याभरड्या कापडाला. गांधीजींनी भाव उतरवला नाही. ओळखीच्या लोकांना त्याच भावाने घ्या म्हणून सांगितलं, आणि त्यांनी घेतली. आता कोणी म्हणेल, गांधीजींनी सांगितल्यावर कोण नाही म्हणेल! खरंच आहे. पण एक लक्षात घ्या, पहिलं गिऱ्हाईक अनोळखी नव्हतं. ते ओळखीचं होतं, त्याला भाव का जास्त हे तोंडाने सांगितलेलं होतं. त्या सुनेच्या फोनवर हार्ट देणारी शंभर माणसं बंगळूर-दिल्लीची. तिच्या गल्लीत दोन लग्नं ठरलेली, आणि त्या घरांना ती रुखवत करते हे माहीतच नव्हतं.

दुसरं उदाहरण अगदी आपल्या दारचं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते बेळगावात. पुढे कडबा कापायचं यंत्र केलं आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! दोन पावसाळे आले आणि गेले, दोन पेरण्या झाल्या, आणि नांगर दुकानातच. पुढे जागा सोडायची वेळ आली, औंधच्या राजांनी माळ दिला, १९१० मध्ये कारखाना किर्लोस्करवाडीला गेला आणि त्याचा मोठा इतिहास झाला. ज्या बाजूला तेव्हा नवी वस्ती पसरत होती ती ठळकवाडी, म्हणजे आपली टिळकवाडी. जुनं नाव ठळकवाडी हायस्कूलच्या पाटीवर अजून आहे.

ही नांगराची गोष्ट व्याख्यानांत फार सांगतात, जिद्दीचा नमुना म्हणून. मला तिच्यात दुसरंच दिसतं. त्या दोन वर्षांत घर नांगरावर चालत नव्हतं. इतर माल होता, भाऊ रामूअण्णा पाठीशी होते. ज्याच्या घरात दुसरीकडून चार पैसे येतात त्याला वाट पाहता येते. विजापूरच्या बाईला येत नव्हती, म्हणून तर तिने आधी अट घातली. वाट पाहणं हाही एक खर्च आहे, आणि तो कोण सोसतं हे विचारल्याशिवाय कुणाच्या जिद्दीचं कौतुक करू नये असं माझं मत आहे.

खादीतही हे झालंच. कापड स्वस्त ठेवायचं तर कापायचं कुणाचं? कातणाऱ्या बाईचं. दिवसभर कातून तिच्या हाती आणा-दीड आणा पडायचा. गांधीजींना हे उशिरा का होईना खुपलं. आठ तास कातलं तर आठ आणे मिळावेत, असं त्यांनी १९३५ मध्ये धरून लावलं. चरखा संघाने त्या वर्षी वर्ध्याला मजुरी वाढवायचा ठराव केला. प्रत्यक्षात आठ आण्यांपर्यंत काही मजल गेली नाही, पण वाढ झाली. खादी महागली, खप अडखळला, कार्यकर्ते कुरकुरले. पण ठराव मागे घेतला नाही. माझ्या मते काँग्रेसच्या १९२४ च्या ठरावापेक्षा हा ठराव मोठा. पहिल्यात सभासदाला सूत मागितलं होतं, दुसऱ्यात सूत कातणारीला दाम दिला.

आपल्या भागात हे काम टिकलं ते हुदलीला. अधिवेशनाचा सगळा भार उचलणारे गंगाधरराव देशपांडे मूळचे तिथले, १८७१ सालचा जन्म. टिळकांचे अनुयायी, पुढे गांधीजींचे. त्यांना लोक 'खादी भगीरथ' म्हणत. अधिवेशनाचे मांडव उतरले, पुढारी गेले, सुताची अट गेली, पण हुदलीत चरखे चालू राहिले. एप्रिल १९३७ मध्ये गांधी सेवा संघाच्या संमेलनासाठी गांधीजी तिथे येऊन राहिले. हुदलीची खादी आजही मिळते. सभेचा उत्साह दोन दिवसांचा होता. खेड्यातल्या बायकांना मात्र आठवड्याच्या आठवड्याला सूत तोलून पैसे देणारं कोणी होतं, म्हणून ते चाललं.

आता थोडं आपल्यातलं. निपाणीजवळच्या भोज गावी चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांचं घर. १८७२ चा जन्म. दीक्षेआधी त्यांच्या घरचं कापडाचं दुकान होतं. भाऊ नसताना ते गादीवर बसत आणि गिऱ्हाइकाला म्हणत, हवं ते कापड काढा, तुम्हीच मोजा, तुम्हीच वहीत लिहा आणि पैसे पेटीत टाका, असं सांगतात. ऐकून आपण हसतो, हात जोडतो. पण ते संसारातून उठू पाहणाऱ्या माणसाचं दुकान होतं. आपण बायकांनी ते डोळ्यांपुढे ठेवून 'मला कुठे पैशाची हाव' असं म्हणत नऊ दिवसांचं काम चारशेला देऊन टाकू नये. अपरिग्रह म्हणजे साठवू नका. हातची मजुरी सोडा असं कुठल्या अणुव्रतात सांगितलेलं मला आढळलं नाही. उलट ज्याची मजुरी कापली गेली त्याचा विचार अचौर्यात येतो, अशी माझी समजूत आहे.

सदलग्याचे आचार्य विद्यासागर महाराज (जन्म १९४६) यांनी हातमागावर फार भर दिला. त्यांच्या प्रेरणेने मध्य प्रदेशात माग सुरू झाले, सागरच्या तुरुंगात कैदी विणू लागले. १८ फेब्रुवारी २०२४ ला डोंगरगडला त्यांची समाधी झाली, तेव्हा आपल्या घराघरांत चूल थंड होती. त्या मागांवरचं कापड आपला समाज श्रद्धेने घेतो. रेशमात किडे मारले जातात म्हणून रेशीम न नेसणाऱ्या श्राविकांना तर सुती हातमाग सोयीचाच. पण श्रद्धेने पहिली साडी घेतली जाते. दुसरी घ्यायची तर ती धुतल्यावर कशी राहते, काठ आटतो का, हे बघूनच. मुंबईत काळबादेवीच्या खादी भांडारात विठ्ठलदास जेराजाणींनी हेच ओळखलं होतं. लोकांना आवडेल असा रंग, पोत, शिवण त्यांनी खादीत आणली.

त्या सुनेचं म्हणाल तर तिने कपाटातला माल बाहेर काढून पुन्हा मोजला. किती तास लागले ते प्रत्येकावर चिठ्ठी लावून लिहिलं. तोरणं आता ती मागणी आल्याशिवाय विणत नाही, निम्मे पैसे आधी घेते. गल्लीतल्या दोनांपैकी एका घराने रुखवत सांगितलं. दुसऱ्याने मशीनचंच आणलं. नवऱ्याचं मत अजून बदललेलं नाही. मधल्या वेळात ती ब्लाउज शिवते, ते पैसे ताबडतोब मिळतात.

आणि एक बाई अशाही होत्या ज्यांच्या सुताला बाजारच नको होता. अवंतिकाबाई गोखले. जन्म १८८२. १९१७ ला गांधीजींच्या बोलावण्यावरून चंपारणात जाऊन त्यांनी खेड्यातल्या मुलांना शिकवलं, १९१८ मध्ये मुंबईत हिंद महिला समाज काढला, आणि मराठीत गांधीजींचं पहिलं चरित्र लिहिलं, त्याला टिळकांची प्रस्तावना आहे. दर वर्षी गांधीजींच्या वाढदिवसाला त्या स्वतः कातलेल्या सुताचं धोतर त्यांना द्यायच्या. वर्षभर कातायचं ते एकाच माणसासाठी, एकाच तारखेसाठी. किती वार लागेल, कधी पोचायला हवं, सगळं आधीच ठरलेलं. जानेवारी १९४८ ला गांधीजी गेले. अवंतिकाबाई पुढच्या वर्षी गेल्या.